थंडीत टायरमध्ये हवा किती ठेवायची: दारावरची पाटी आणि पहाटेचं गेज

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, जळगाव, पुणे, नागपूर या भागांत पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तोच २८-३० वर जातो. गाडीच्या टायरमध्ये दुपारी नीट मोजून भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) कमी भरते. कुठे गळती नसते, पंक्चर नसतं. हवा थंड झालेली असते, एवढंच.

नवीन गाडी घेतलेल्याचा गोंधळ इथेच सुरू होतो. थंडीत हवा जास्त ठेवायची की कमी? आपल्याकडच्या रस्त्यांवर आणि आपल्याकडच्या टायरवर चालवायचं असेल तर आकडा बदलायचाच नाही. कंपनीने दिलेला आकडा उन्हाळ्यात जो, तोच हिवाळ्यात. थंडीत तो गाठायला हवा थोडी जास्त लागते, आणि तो कोणत्या वेळी मोजला यावर सगळं ठरतं.

आधी आपल्या गाडीचा आकडा शोधा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, सीटबेल्टच्या खांबाच्या खालच्या अंगाला, एक छोटी पाटी चिकटवलेली असते. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते. दोन्हीकडे सापडली नाही तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात बघा. पाटीवर टायरचा साइझ आणि त्यासमोर पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे असतात. बऱ्याच पाट्यांवर दोन रकाने असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा पूर्ण माणसं आणि सामान भरल्यावरचा. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा अनेकदा चांगलाच मोठा असतो. पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन महाबळेश्वरला निघायचं असेल तर हाच रकाना धरायचा.

लहान-मध्यम गाड्यांत हा आकडा साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या आसपास असतो. पंक्चरवाले त्यालाच ‘पौंड’ म्हणतात, म्हणजे ‘तीस पौंड मारू का?’ याचा अर्थ ३० पीएसआय. पाटीवर केपीए किंवा बार लिहिलेलं असेल तर घाबरू नका. १ बार म्हणजे १०० केपीए, म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. पाटीवर २३० केपीए असेल तर ते २.३ बार, म्हणजेच ३३ पीएसआय. या लेखात पुढे उदाहरणासाठी ३३ धरलं आहे. तुम्ही तिथे तुमच्या पाटीचा आकडा घाला.

टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत ४४ किंवा ५१ पीएसआय असा एक आकडा कोरलेला दिसतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो बघून हवा भरणारे लोक आहेत, आणि ही चूक महाग पडते. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या पाच गाड्यांना बसू शकतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे टायरला माहीत नसतं. ते पाटीवरच लिहिलेलं असतं.

पहाटे आकडा का उतरतो

टायर हा बंद डबा आहे. आतली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, तापली की चढतो. पुण्यात दुपारी २८ अंशांना, टायर निवलेला असताना ३३ पीएसआय भरले, तर पहाटे ८ अंशांना गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, साधारण ३० दाखवेल. ढोबळ हिशोब लक्षात ठेवा: दर ६-७ अंशांना १ पीएसआय.

त्यात दुसरी गोष्ट मिळवा. रबरातून आणि वॉल्व्हमधून हवा हळूहळू झिरपतच असते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय जातो. म्हणजे दिवाळीला गावी जाण्याआधी दुपारी ३३ भरून घेतले आणि नंतर हात लावला नाही, तर संक्रांतीच्या पहाटे गेज २७-२८ दाखवू शकतं. डोळ्यांना हे अजिबात दिसत नाही. आजचे रेडियल टायर ३३ वरही खाली थोडे फुगलेलेच दिसतात, त्यामुळे लाथ मारून किंवा बघून अंदाज करण्यात अर्थ नाही.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही विसंबू नका. ज्या गाड्यांत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा असते, त्यांत घोड्याच्या नालेसारखं पिवळं चिन्ह लागतं. अमेरिकेतल्या नियमात हा दिवा दाब २५ टक्के उतरल्यावर लागणं बंधनकारक आहे. ३३ च्या गाडीत २५ टक्के म्हणजे २५ पीएसआयच्याही खाली. त्यामुळे असा दिवा लागेपर्यंत तुम्ही कित्येक आठवडे कमी हवेवर गाडी चालवलेली असते. पहाटे लागलेला दिवा दुपारी आपोआप विझला, तर हवा अगदी काठावर आहे असं समजा आणि त्याच दिवशी भरा.

पहाटे मोजायचं कसं

एक स्वतःचं गेज घ्या. साधं डिजिटल किंवा घड्याळासारख्या काट्याचं चालतं. पेन्सिलसारख्या गेजची बारीक पट्टी पहाटेच्या अंधारात नीट वाचता येत नाही. पेट्रोल पंपावरचं यंत्र दिवसभर लोकांच्या हातात आपटत असतं, आणि दोन पंपांवरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. स्वतःचं गेज एखाद्या पीएसआयने चुकत असेल तरी रोज तेवढंच चुकतं, त्यामुळे फरक लगेच कळतो.

१. गाडी रात्रभर, निदान ३ तास तरी, उभी असली पाहिजे. पाटीवरचा आकडा हा ‘थंड टायरचा’ आकडा असतो. एखाद-दीड किलोमीटर सावकाश चालवलेली गाडी चालेल, त्याहून जास्त नाही.

२. ऊन अंगावर येण्याआधी मोजा. पूर्वेकडची दोन चाकं कोवळ्या उन्हात अर्धा तास राहिली तरी सावलीतल्या चाकांपेक्षा एखादा पीएसआय जास्त दाखवतात, आणि उगाचच गळतीचा संशय येतो.

३. वॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा. जमिनीवर ठेवलेली टोपी हमखास हरवते किंवा तिच्यात माती जाते.

४. गेज वॉल्व्हवर सरळ रेषेत ठेवून एका झटक्यात दाबा. नीट बसलं तर बारीकसा ‘फुस्’ होऊन आवाज थांबतो. आवाज चालूच राहिला तर गेज तिरकं बसलं आहे. काढा आणि पुन्हा लावा. दोनदा मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच लिहा.

५. चारही चाकांचे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. शेजारी तूट लिहा. पाटीवर ३३ आणि गेजवर २९ असेल तर तूट ४.

६. स्टेपनी विसरू नका. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर पाटीपेक्षा ३-४ पीएसआय जास्त ठेवा, कारण ती महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. वापरताना उतरवून घ्यायचे. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुतेक वेळा ६० पीएसआय लागतात. तिच्या अंगावर ते लिहिलेलं असतं.

घरी १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर काम तिथेच संपतं. गाडी सुरू ठेवून, म्हणजे बॅटरीवर ताण न येता, थेट ३३ भरा. मात्र बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका. हे छोटे कॉम्प्रेसर सलग फार वेळ चालवले की तापतात, तेव्हा दोन चाकं झाली की थोडं थांबू द्या.

पंपावर भरताना

बहुतेकांकडे कॉम्प्रेसर नसतो, आणि पंप घरापासून तीन-चार किलोमीटरवर असतो. तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पहाटे २९ असलेला टायर पंपावर ३१-३२ दाखवतो, मुलगा यंत्रावर ३३ लावतो, यंत्र ‘टीं’ करतं, आणि तुम्ही खुशीत परत येता. दुसऱ्या दिवशी पहाटे गेज पुन्हा ३०-३१ दाखवतं.

म्हणून पंपावर आकडा नाही, तूट भरायची. घरी पहाटे तूट ४ निघाली होती. पंपावर त्याच चाकात तुमचं गेज आता ३२ दाखवतं, तर ३६ पर्यंत भरा. प्रत्येक चाकाची तूट वेगळी, तर प्रत्येक चाकाचा आकडाही वेगळा. हवा भरणारा मुलगा ‘सगळ्यात पस्तीस मारू का?’ असं विचारेल. त्याला चाकागणिक आकडा शांतपणे सांगा. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजून बघा. एखादा पीएसआय इकडेतिकडे असेल तर ठीक आहे.

लांबच्या प्रवासात मध्येच थांबून मोजलं आणि ३७-३८ दिसलं, तर हवा मुळीच सोडू नका. महामार्गावर तासभर चाललेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय चढणं ठरलेलंच आहे, आणि पाटीवरचा आकडा ठरवताना कंपनीने ते धरलेलं असतं. धाब्यावर सोडलेली हवा दुसऱ्या पहाटे चाकात २८ होऊन बसते.

हवा भरल्यावर काही गाड्यांत यंत्रणेला नवा दाब सांगावा लागतो. ज्या गाड्या चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून दाबाचा अंदाज बांधतात त्यांत हे लागतंच. पुस्तकात ‘रीसेट’चं बटण किंवा मेनू दिलेला असतो. चुकीच्या दाबावर रीसेट केलं, तर यंत्रणा तो चुकीचा दाबच बरोबर धरून चालते. म्हणून आधी हवा, मग रीसेट.

चार आकडे शेजारी ठेवून वाचा

सगळ्या चाकांत सारखीच घट असेल तर ती थंडीची. एकच चाक बाकीच्यांपेक्षा २-३ पीएसआय खाली असेल तर तिथे गळती आहे, आणि दर आठवड्याला हवा भरत राहणं हा त्यावरचा इलाज नाही.

गळती शोधायला वॉल्व्हपासून सुरुवात करा. टोपी काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. पंक्चरवाला थुंकीचं बोट लावतो ते याचसाठी. बुडबुडा हळूहळू फुगून फुटला तर आतली पिन गेली आहे. ती दोन मिनिटांत बदलता येते. मग वॉल्व्हचा रबरी दांडा बोटाने हलकेच वाकवून बघा. बुंध्याशी बारीक भेगा दिसल्या तर वॉल्व्हच बदला. जुनं रबर थंडीत कडक होतं, आणि उन्हाळ्यात तग धरलेला वॉल्व्ह जानेवारीत सोडून देतो. वॉल्व्ह चांगला असेल तर टायर आणि रिम जिथे भेटतात त्या कडेला साबणाचं पाणी फिरवा. अ‍ॅलॉय रिमवर तिथे पांढरट गंज धरतो आणि हवा निघून जाते. टायर उतरवून रिमची कड घासून घेतली की बहुतेक वेळा भागतं. हे सगळं करून काही सापडलं नाही तर टायरच्या नक्षीत खिळा किंवा तार शोधा. खिळा घरी उपटून बघू नका. तो आत असेपर्यंत हवा हळू जाते, बाहेर काढला की भसकन जाते.

कमी हवेवर काय होतं, आणि ‘थंडीत हवा कमी ठेवा’ हा गैरसमज

हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा रस्त्यावर घासतात आणि मधला भाग नीट दबत नाही. बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकल्याने तापते, आणि समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर ताशी १०० च्या वेगाने तासन्‌तास असं चाललं तर आतून थर सुटायला लागतात. बाहेर हवा थंड असली तरी ही आतली उष्णता टळत नाही. वळणावर गाडी मऊ, ओढल्यासारखी वाटते. धुक्याने, दवाने भिजलेल्या रस्त्यावर टायरच्या खाचांतून पाणी बाहेर पडायला हवं तेवढा दाब मिळत नाही आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात थंडीचा हंगाम हाच ऊसतोडीचा हंगाम असतो. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ४०-५० मीटरवर अचानक दिसते. त्या वेळी ब्रेकचा प्रत्येक मीटर जिवाच्या मोलाचा असतो.

मायलेजही पडतं, पण कमी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबाने चारही टायरांचा सरासरी दाब १ पीएसआयने उतरला तर साधारण ०.२ टक्का. ५ पीएसआयला १ टक्का. खरा फटका टायरच्या आयुष्याला आणि ब्रेकला बसतो.

‘थंडीत हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते’ असं अजूनही सांगितलं जातं. वाळूत किंवा खोल मऊ बर्फात, अगदी सावकाश, अडकलेली गाडी बाहेर काढण्यापुरतं ते खरं आहे. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर नाही. उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळा. ३३ च्या जागी ४० ठेवले तर टायर मध्ये फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, नक्षी मधोमध झिजते आणि खड्ड्यात रिमला, सस्पेन्शनला मार बसतो.

नायट्रोजनबद्दलही एक स्पष्ट सांगायला हवं. नायट्रोजन थंडीत आकुंचन पावत नाही, हा समज चुकीचा आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापमानाला दोघेही सारखेच वागतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, हा त्याचा फायदा. पण पहाटे मोजायला तोही लागतोच. वाटेत कमी झाला तर साधी हवा मिसळली तरी काही बिघडत नाही.

मनालीकडे गाडी नेताना

हिवाळ्यात गाडी घेऊन हिमाचलला जाणारे मराठी लोक आता पुष्कळ दिसतात. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी होतात. थंडीने दाब उतरतो, आणि उंचीमुळे गेज वर चढतं, कारण गेज टायरच्या आतली आणि बाहेरची हवा यांतला फरक दाखवतं आणि उंचीवर बाहेरची हवा विरळ असते. मुंबईत ३० अंशांना ३३ भरलेला टायर उणे ५ अंशांना, समुद्रसपाटीवर असता तर, २७-२८ दाखवेल. तोच टायर मनालीत, सुमारे २,००० मीटरवर, तेवढ्याच थंडीत ३०-३१ दाखवतो. म्हणून घरातून ‘थंडीसाठी’ म्हणून ४० भरून निघू नका. रोज सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी मोजा आणि पाटीच्या आकड्यावर आणा. परतताना चंदीगडला पोहोचलात की पुन्हा एकदा मोजा.

अटल बोगद्याच्या पलीकडे, सिस्सूच्या बाजूला, रस्ता ३,००० मीटरच्या वर आहे आणि तिथल्या ओल्या डांबरावर सकाळी काचेसारखा बर्फ धरतो. आपल्याकडचे टायर त्यासाठी बनलेले नसतात, आणि हवेचा कोणताही आकडा ती उणीव भरून काढत नाही. तिथे टायरवर चढवायच्या बर्फाच्या साखळ्या लागतात. त्या इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांना लावायच्या, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. साखळी चढवण्याआधी हवा पाटीइतकी आहे हे बघा, कारण मऊ टायरवर साखळी सैल बसते आणि भिंत कापते. साखळ्यांवर ताशी ४० च्या वर जाऊ नका.

गोठणाऱ्या थंडीत वॉल्व्हची टोपी फार महत्त्वाची असते. टोपी नसेल तर वॉल्व्हच्या तोंडात पाणी शिरतं, रात्री गोठतं, आणि सकाळी गेज लावताना दाबलेली पिन परत वर येत नाही. निघताना चार टोप्या जास्तीच्या सोबत ठेवा.

जर्मनीत किंवा कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात राहणाऱ्यांना तर हिवाळी टायरच लावावे लागतात. क्यूबेकमध्ये ते १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीचे आहेत. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून, बर्फाळ रस्त्यावर, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. हिवाळी टायरसाठी पाटीपेक्षा ०.२ बार जास्त ठेवण्याचा सल्ला तिकडे सर्रास दिला जातो, तो पाळायला हरकत नाही. उबदार गॅरेजमध्ये मोजणाऱ्यांनी एक हिशोब करावा: आत १८ अंश आणि बाहेर उणे १० असेल तर आतला ३३ बाहेर सुमारे २८ होतो. आत मोजून ३८ भरलेत तर बाहेर बरोबर बसतं.

दुचाकी

नियम तेच, पण दुचाकीच्या टायरमध्ये हवा मुळातच थोडी असते. २ पीएसआय कमी झाले की हँडल लगेच जड लागतं. आकडा चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा पुस्तकात असतो, पुढचा आणि मागचा वेगळा, मागे कुणी बसणार असेल तर आणखी वेगळा. ट्यूबचा टायर असेल तर थंडीत दर आठवड्याला बघा.

होळीनंतर

थंडीत पहाटे मोजून भरलेली हवा उन्हाळ्यात जास्त होते. जानेवारीत ८ अंशांना ३३ भरलेला टायर एप्रिलच्या पहाटे २५ अंशांना साधारण ३६ दाखवतो, आणि विदर्भातल्या ४० अंशांच्या दुपारी नुसत्या उभ्या गाडीत ३८ च्या वर जातो. होळीच्या आसपास एकदा पहाटे, गाडी गार असताना, चारही चाकं मोजा. आकडा जास्त असेल तर वॉल्व्हची पिन नखाने किंवा गेजच्या मागच्या टोकाने क्षणभर दाबा, सोडा, पुन्हा मोजा. पाटीचा आकडा आला की टोपी बोटाने घट्ट करा.